घर क्रमांक : निरंक

जुन्या मराठीत जनगणनेला खानेसुमारी म्हणत. खाना म्हणजे घर, शुमार म्हणजे मोजणी. कामाची रीत शब्दातच आली : आधी घरं मोजायची, मग घरांतली माणसं. परभणी १९४८पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानात होती तिथल्या उर्दू कारभारात याच कामाचं नाव मर्दुमशुमारी होतं, म्हणजे माणसांची मोजणी. शिवाय मराठीत शिरगणती हा आणखी एक शब्द होताच. तिन्ही शब्द एकाच कामाचे म्हणून वापरले गेले आणि त्यात कुणाला काही खटकलं नाही. पण परभणीच्या शनिवार बाजारात रात्री अकरानंतर, बंद दुकानाच्या ओट्यावर पोतं अंथरून आडव्या झालेल्या माणसापाशी आलं की या शब्दांची फारकत होते. तो शिरगणतीत बसतो. खानेसुमारीत बसत नाही.

बेघरांची मोजणी हा विषय या फटीत सुरू होतो. ही प्रस्तावना परभणी जिल्ह्यापुरती आहे, कारण मोठ्या शहरांबद्दल बरंच लिहून झालं आहे. मुंबईचे फूटपाथ आणि दिल्लीचे उड्डाणपूल बेघरांची ओळख होऊन बसले आहेत. तीन लाखांचं शहर, नऊ तालुके, मधून वाहणारी गोदावरी आणि दोन रेल्वे जंक्शनं असलेल्या जिल्ह्यात उघड्यावर कोण झोपतं, हा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही.

सरकारी जनगणना या माणसांना अगदीच विसरते असं नाही. प्रगणक घरोघर फिरून झाल्यावर एक रात्र खास त्यांच्यासाठी राखलेली असते. २०११ साली ती २८ फेब्रुवारीची रात्र होती, कारण देशाची लोकसंख्या १ मार्चच्या मध्यरात्री किती होती ते ठरवायचं होतं. रस्त्याकडेला, फूटपाथवर, सिमेंटच्या मोठ्या पाइपांत, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, मंडपात, फलाटावर झोपणारे लोक त्या एका रात्रीत टिपायचे होते. देशभरात ते भरले १७ लाख ७३ हजार. दहा वर्षांपूर्वी हाच आकडा १९ लाख ४३ हजार होता. म्हणजे बेघर कमी झाले, असं वाटावं. पण त्याच दशकात शहरांतले बेघर ७ लाख ७८ हजारांवरून ९ लाख ३८ हजारांवर गेले होते. महाराष्ट्राचा आकडा दोन लाख दहा हजारांवर होता, उत्तर प्रदेशाखालोखाल देशात दुसरा. पुढच्या जनगणनेची संदर्भवेळही १ मार्च २०२७ची मध्यरात्रच ठरली आहे. ही जनगणना डिजिटल असेल आणि लोकांना स्वतःची माहिती स्वतः भरायची सोय असेल. ओट्यावरच्या माणसाला या सोयीचा काय उपयोग, हे वेगळं सांगायला नको.

आता एक सोपं गणित करून पाहू. राज्यात २०११ साली दर हजारी सुमारे १.९ माणसं बेघर नोंदली गेली. परभणी जिल्ह्याची तेव्हाची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार. राज्याचं प्रमाण लावलं तर जिल्ह्यात साडेतीन हजारांच्या आसपास बेघर निघायला हवेत. हिशेब चोख आहे आणि निरुपयोगी आहे. राज्याच्या दोन लाख दहा हजारांपैकी ५७ हजार, म्हणजे चौथाईहून अधिक, एकट्या मुंबईत होते. ती सरासरी परभणीला लावणं म्हणजे मुंबईचा पाऊस परभणीच्या शिवारात मोजण्यासारखं आहे. सरासरीवरून अंदाज बांधायचा मोह जिल्हा पातळीवर फार होतो, कारण त्यासाठी रात्री बाहेर पडावं लागत नाही.

मग रात्र निवडायची कोणती? परभणीत हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड आहे.

दर वर्षी फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात हजरत तुराबुल हक यांच्या दर्ग्याचा उरूस भरतो. पाळणे येतात, मिठाईची, बांगड्यांची, खेळण्यांची दुकानं लागतात, लांबलांबून फकीर येतात, आणि शेकडो माणसं दुकानाच्या मागे, पालात नाहीतर चादरीवर झोपतात. त्यांतल्या बहुतेकांना कुठेतरी घर असतं. काहींना नसतं, उरूस ते उरूस हाच त्यांचा पत्ता. आषाढीच्या आधी शेगावच्या गजानन महाराजांची पालखी परभणी, गंगाखेडवरून पंढरपूरकडे जाते तेव्हाही मुक्कामाच्या गावात उघड्यावर निजलेल्यांची दाटी होते आणि तिच्यात गावचा नेहमीचा फिरस्ता दिसेनासा होतो. गंगाखेडच्या गोदाकाठी पर्वणीला हेच होतं. गर्दीच्या रात्री मोजलं तर आकडा फुगतो. उरूस उठल्यावर मोजलं तर खरा बेघरही कधी दुकानदारांबरोबर पुढच्या गावी गेलेला असतो.

ऋतूचा हिशेब याहून मोठा आहे. दिवाळीनंतर जिल्ह्यातल्या ऊसतोड टोळ्या ट्रकांत, ट्रॅक्टरांत बसून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे जातात आणि मार्च-एप्रिलमध्ये परततात. जिल्ह्यातल्या कारखान्यांच्या तळांवरही टोळ्या उतरतात. तिथे पाचटाची, ताडपत्रीची कोपी उभी राहते, आत तीन दगडांची चूल. जनगणनेची २८ फेब्रुवारी नेमकी गाळपाच्या ऐन हंगामात येते. कोपीतलं कुटुंब घरात आहे म्हणायचं की उघड्यावर? गावाकडे त्यांच्या दाराला कुलूप आहे, तिथे ते नोंदले गेले की नाही? मुकादमाच्या वहीत या लोकांची मोजणी वेगळ्याच मापाने होते. तिथे माणूस मोजत नाहीत, कोयता मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा असेल तर अर्धा. उचल कोयत्यावर दिली जाते, हिशेब कोयत्यावर होतो. बरोबर आलेली पोरं, म्हातारी आई कोणत्याच रकान्यात नसतात. सरकारने आकडा चुकवला तर त्याला निदान जाब विचारता येतो. मुकादमाच्या वहीत ही माणसं मोजायचीच नाहीत असा रिवाज आहे.

हेच थोड्याफार फरकाने वीटभट्टीवर. गंगाखेड रोडला किंवा आणखी कुठे नदीच्या गाळाजवळ भट्ट्या लागतात, विटा पाडणारे आपलीच कच्ची वीट रचून कमरेइतक्या भिंती उभ्या करतात आणि वर पत्रा टाकतात. विटा विकल्या गेल्या की भिंतही विकली जाते.

शिवाय पालं आहेत. गोसावी, वैदू, मसणजोगी, नंदीवाले, बहुरूपी, पारधी, वडार, कैकाडी अशा जमातींची कितीतरी कुटुंबं गावकुसाबाहेर, माळावर किंवा रस्त्याच्या कडेला पाल ठोकून राहतात. बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालील भटक्या-विमुक्तांसाठीच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ साली अहवाल दिला, तेव्हा या समाजांची धड मोजणीच झालेली नाही हे दुखणं त्यात ठळकपणे मांडलं होतं. महाराष्ट्रात यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आली ती याच लोकांना जागा आणि घर मिळावं म्हणून. पण योजनेत नाव लागायचं तर आधी रहिवास दाखवावा लागतो. जो दर चार महिन्यांनी पाल हलवतो त्याने रहिवास कुठला दाखवायचा?

म्हणून मोजणीच्या आधी व्याख्या ठरवावी लागते, आणि ती कागदावर कितीही नीट लिहिली तरी रस्त्यावर वाकते. जनगणना 'गणनाघर' नसलेल्याला बेघर मानते. शहरी बेघरांसाठी निवारे उभारणाऱ्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाने व्याख्या थोडी रुंद केली. स्वतःचं किंवा भाड्याचं घर नसलेला, फूटपाथ, बाग, स्टेशन, बसस्थानक, प्रार्थनास्थळ, दुकान-कारखान्याबाहेर, बांधकामावर किंवा पुलाखाली राहणारा माणूस तिच्यात येतो. परभणीच्या सिव्हिल हॉस्पिटलच्या आवारात झोपलेला पेशंटचा नातेवाईक तिच्यात येत नाही, हे सगळ्यांना पटतं. पण पेशंट दगावल्यावर गावी न परतलेला, तिथेच दोन वर्षं चहाच्या गाड्यावर कपबश्या धुणारा मुलगा? तो त्याच आवारात, त्याच पंक्तीत झोपलेला असतो. चादरही तशीच.

हे ओळखायचं कसं, यात मोजणाऱ्याचं खरं कसब आहे. 'तुम्हाला घर आहे का?' हा सरळ प्रश्न सगळ्यात वाया जाणारा. उत्तर ठरलेलं : 'हाय की, गावाकडं.' त्या घराची एक भिंत पडलेली असेल, भावाने कुलूप लावलं असेल, सुनेने हाकललं असेल. तरी घर नाही असं परक्या माणसापुढे कोण म्हणेल? त्यापेक्षा काल रात्री कुठे झोपलात, परवा कुठे होतात, मागच्या पावसाळ्यात भिजू नये म्हणून कुठे गेला होतात, असं विचारावं. पावसाळ्याचं उत्तर सहसा खोटं निघत नाही. परभणीत थंडीचंही निघत नाही. इथल्या कृषी विद्यापीठाच्या हवामान केंद्रात पारा एक आकडी उतरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात, आणि डिसेंबरात शेकोटी कुठे पेटवली होती हे माणूस विसरत नाही.

फलाटाची रीत वेगळी. परभणी आणि पूर्णा ही दोन्ही जंक्शनं. मनमाडकडून येणारी, परळीकडे आणि अकोल्याकडे जाणारी माणसं गाडीची वाट पाहत तिथे आडवी होतात. रात्री दीडला मोजलं तर सगळेच बेघर दिसतात. म्हणून गाडी गेल्यावर दुसरी फेरी घ्यायची. त्यानंतर जे उरतात ते प्रवासी नव्हेत. कोण नेहमीचं आणि कोण नवीन हे हमाल आणि चहावाला बोट दाखवून सांगू शकतात. शहरात हे ज्ञान रिक्षास्टँडवर असतं, पहाटे दूध उतरवणाऱ्याकडे असतं, देवळाच्या पुजाऱ्याकडे आणि मशिदीच्या मुअज्जिनकडे असतं. सर्वेक्षणाचा नकाशा यांच्याकडून आधी करून घ्यावा लागतो. पुण्या-मुंबईहून आलेल्या संस्थेला हा नकाशा विकत मिळत नाही.

बायका या नकाशावर सहसा नसतात. एकटी बाई दिव्याखाली, रस्त्यावर झोपत नाही. ती हॉस्पिटलच्या वॉर्डाबाहेर, पोलीस चौकीजवळ, देवळाच्या मागच्या ओवरीत, नाहीतर कुणाच्या तरी गोठ्यात असते, आणि काही बायका रात्रभर चालत राहतात व दिवसा झोपतात. फक्त रात्री मोजणाऱ्याच्या यादीत पुरुषच पुरुष भरतात, मग निवाराही पुरुषांचा होतो.

वस्तीतल्याच माणसांनी केलेल्या मोजणीचं महाराष्ट्रातलं सगळ्यात धडधडीत उदाहरण मुंबईचं. १९८१मध्ये तेव्हाच्या सरकारने फूटपाथवरच्या झोपड्या उठवायचं ठरवलं, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि जुलै १९८५मध्ये ओल्गा टेलिस खटल्याचा निकाल लागला. उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कात येतो असं न्यायालयाने मान्य केलं. पण फूटपाथ अडवायचा हक्क कुणाला नाही, आणि ३१ ऑक्टोबरनंतर झोपड्या हटवता येतील, असंही म्हटलं. हातात होते तीन-साडेतीन महिने. तेवढ्यात भायखळ्याच्या 'स्पार्क' या संस्थेने फूटपाथवरच्याच बायकांना बरोबर घेऊन ई वॉर्ड आणि आसपासच्या रस्त्यांवरची सुमारे सहा हजार कुटुंबं, सत्तावीस हजार माणसं, मोजली. 'वुई, द इन्व्हिजिबल' या नावाने तो अहवाल निघाला. हे लोक काल आलेले भटके नाहीत, कित्येकांची पिढी याच फूटपाथवर वाढली, आणि शहराची कामं करत ते कामाच्या ठिकाणापासून चालत जायच्या अंतरावर राहतात, हे त्यातून पुढे आलं. घराबद्दलच्या वाटाघाटीत पुढे याच आकड्यांवर बोलता आलं. मोजणाऱ्या बाईला कुठल्या ताडपत्रीमागे किती जण आहेत हे विचारावंच लागत नव्हतं, हा या मोजणीचा खरा जोर.

दिल्लीत याच्या उलट गंमत पाहायला मिळते. आश्रय अधिकार अभियानाने २००० साली रात्री पायी फिरून ५२,७६५ माणसं मोजली आणि अनेक सुटली असतील असंही सांगितलं. २०१४मध्ये दिल्लीच्या निवारा मंडळाचा आकडा आला १६,७६०. बेघर कुठे गेले? कुठेच गेले नव्हते. मोजायच्या जागा, रात्री आणि व्याख्या बदलल्या होत्या.

मोजणारेच मोजणी किती चुकवतात हे तपासायची युक्ती अमेरिकेने शोधली. १९९०च्या तिथल्या जनगणनेत २० मार्चच्या रात्री रस्त्यावरच्यांची मोजणी झाली, तेव्हा काही शहरांत संशोधकांनी आपली माणसं वेश बदलून ठरलेल्या जागी बसवली. सकाळी विचारलं तर अनेकांपर्यंत प्रगणक पोचलेच नव्हते. न्यूयॉर्कच्या वार्षिक मोजणीत आता अशी 'पेरलेली' माणसं नियमाने असतात आणि त्यांच्यापैकी किती सापडली यावरून एकूण आकडा दुरुस्त केला जातो. परभणीत एवढा सरंजाम नको, पण दहा स्वयंसेवक घोंगडी पांघरून बसवायला खर्च तरी किती? ज्यांनी मोजणीचं कंत्राट घेतलं त्यांना मात्र हे आधी सांगायचं नाही.

त्याहून सोपा उपाय दोन रात्री मोजण्याचा. समजा पहिल्या रात्री साठ नावं मिळाली, आठवड्याने पन्नास, आणि त्यांतली तीस दोन्ही याद्यांत आहेत. म्हणजे दुसऱ्या रात्रीच्या पन्नासांपैकी तीसच पहिल्या यादीत सापडले. पहिली यादी शंभरात साठ पकडते, तर एकूण माणसं शंभराच्या आसपास. तळ्यातले मासे मोजायची ही जुनी रीत. ती चालते, कारण आकडा लहान आहे. मुंबईला हे करता येणार नाही. परभणीला, जिंतूरला, सेलूला, मानवतला नावानिशी यादी करता येते, आणि एका हंगामाच्या यादीशी दुसरी ताडून पाहता येते : एक उन्हाळ्यातली, एक पावसाळ्यातली, एक कोयता बाहेर गेल्यावरची. या जिल्ह्याला एका रात्रीचा आकडा पुरणार नाही, हे या प्रस्तावनेचं ठाम मत आहे.

नाव लिहायला घेतलं की मात्र भीती आडवी येते. 'कशाला लिहून घ्यायलाव? उचलून न्यायलाव का?' ही भीती अस्थानी नाही. १९५९चा मुंबई भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून पुस्तकात आहे आणि त्याखाली भीक मागणाऱ्याला धरून नेता येतं. अतिक्रमणाची गाडी येण्याआधीही कुणीतरी वही घेऊन आलेलं असतं, हा लोकांचा अनुभव. म्हणून वही पोलिसाच्या हाती दिसता कामा नये, आणि झोपलेल्याला उठवायचं की नुसतं मोजून पुढे जायचं हे आधीच ठरलेलं हवं. मनाने आजारी, स्वतःशी बोलणारा माणूस भेटला तर काय करायचं हेही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा भटक्या रुग्णाला संरक्षण देण्याची जबाबदारी पोलीस ठाण्यावर टाकली आहे. आणि रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवण्याचं काम कर्जतला डॉ. भरत वाटवानी यांची श्रद्धा संस्था कित्येक वर्षं करते आहे. फॉर्मात 'वेडा' असा रकाना करणाऱ्यांना हे ठाऊक नसतं.

मोजून मिळतं काय, असं कुणी विचारलं तर उत्तर निवाऱ्यांच्या हिशेबातून देता येतं. थंडीत माणसं दगावल्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने २०१०मध्ये सांगितलं की शहरी लोकसंख्येच्या दर एक लाखामागे शंभर जणांचा एक निवारा हवा. परभणी शहराची लोकसंख्या २०११ला ३ लाख ७ हजार. म्हणजे तीन निवारे, तीनशे जागा. पण ते कुठे? स्टेशनजवळ, सिव्हिलजवळ, की गावाबाहेर जिथे जागा स्वस्त तिथे? बायकांसाठी किती, अपंगांसाठी किती, कुटुंब एकत्र राहील असे किती? लाखाच्या हिशेबातून हे कळत नाही. आणि जिल्ह्याचे सत्तर टक्क्यांच्या आसपास लोक खेड्यांत राहतात, तिथल्या उघड्यावरच्या माणसासाठी शहरी निवाऱ्याची योजना मुळातच नाही, जरी २०११मध्ये देशातले जवळपास निम्मे बेघर ग्रामीण भागात नोंदले गेले होते.

'बनी तो बनी, नहीं तो परभणी' अशी म्हण इथले लोक हसत सांगतात. कुठेच जमलं नाही तर परभणी आहेच. इथे येऊनही ज्यांचं जमलं नाही त्यांना पत्त्याशिवाय कोणी ओळखत नाही, याला एक अपवाद आहे, आणि तो निवडणूक आयोगाचा. बेघर माणसाने मतदार नोंदणीचा अर्ज दिला तर पत्त्याचा पुरावा मागायचा नाही. मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री त्या जागी जाऊन तो माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं, आणि एकाच रात्रीवर न थांबता पुन्हाही जायचं. परभणीत हे काम करणारे बहुतेक शिक्षक आणि अंगणवाडी सेविका असतात. जनगणनेच्या रात्रीही त्यांच्यातले बरेच जण असतील. शनिवार बाजारातला कोणता ओटा कुणाचा, हे त्यांच्यातल्या काहींना आताच सांगता येईल.